मागच्या तारखेपासून अंमल चालेल, मागच्या तारखेची सही नको

‘बॅकडेटेड’ हा शब्द निघाला की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. पालिकेचा ठराव, सोसायटीचे इतिवृत्त, भागीदारीचा करार किंवा एखादा फेरफार मागच्या तारखेचा आहे असे कळले, की एक बाजू ‘हा बनावट कागद आहे’ म्हणून ओरडते. दुसरी बाजू शांतपणे सांगते की काम आधी आणि कागद नंतर, हे तर सगळीकडेच चालते. वाद मिटत नाही, कारण एकाच शब्दाखाली दोघे वेगवेगळ्या गोष्टी धरून बसलेले असतात. माझी भूमिका आधीच सांगतो. कागदाचा अंमल मागच्या किंवा पुढच्या कोणत्याही तारखेपासून ठरवायला हरकत नाही. सही ज्या दिवशी झाली ती तारीख मात्र खरीच लिहिली पाहिजे, आणि प्रामाणिक हेतूसाठीसुद्धा त्याला अपवाद नको.

आधी गोष्टी वेगळ्या करू. करारावर आज, २० जूनला सही केली आणि आत लिहिले की ‘हा करार १ एप्रिलपासून लागू राहील’, तर तो पूर्वलक्षी अंमल. आज सही करून खाली तारीखच १ एप्रिलची टाकली, तर ती मागची तारीख टाकणे. आज सही करून चेकवर पुढच्या महिन्याची तारीख घातली, तर तो पुढच्या तारखेचा चेक. चौथा प्रकार चर्चेत फारसा येत नाही: दस्तावर सही दहा वर्षांपूर्वीची असते आणि मुद्रांकाचा दंड टाळायला त्यावर तारीख आजची पडते. महाराष्ट्रात कमी भरलेल्या मुद्रांक शुल्कावर दस्त झाल्या तारखेपासून दरमहा २ टक्के दंड लागतो, म्हणून हा मोह होतो. म्हणजे पुढची तारीखही खोटी असू शकते. खोटेपणा दिशेवर ठरत नाही. कागद वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला खरी सहीची तारीख कळते की नाही, यावर तो ठरतो.

कायदा हा फरक पूर्वीपासून मानतो. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम ४७ सांगते की नोंदवलेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर नोंदणीची गरज नसती तर तो ज्या वेळेपासून अमलात आला असता त्या वेळेपासून अमलात येतो. मार्चमध्ये सही झालेला आणि जूनमध्ये नोंदवलेला दस्त मार्चपासूनच चालतो. इथे मागे जाणे आहेच, पण सहीचा दिनांक आणि नोंदणीचा दिनांक दोन्ही त्याच दस्तावर छापलेले असतात. जन्मदाखल्याचेही तसेच. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. त्यानंतर विलंब शुल्क, एक महिन्यानंतर लेखी परवानगी आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दाखल्यावर जन्मतारीख वेगळी आणि नोंदणीची तारीख वेगळी असते. उशिरा झालेली नोंद तपासायची तर ती उशिरा झाली हे दिसले पाहिजे, आणि ते दिसते.

सरकारी कामकाजात तर यासाठी तयार शब्द आहेत. ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणजे काम आधी झाले, मंजुरी नंतर दिली, आणि ते कागदावर कबूल केले. पदोन्नतीतला ‘मानीव दिनांक’ही तसाच: आदेश आजचा, ज्येष्ठता मागच्या दिनांकापासून, आणि पगाराची थकबाकी द्यायची की नाही हे आदेशात वेगळे लिहिलेले. पूर नदीकाठच्या गावात शिरला, तहसीलदाराने निविदेची वाट न पाहता होड्या भाड्याने घेतल्या, तर त्याने मागच्या तारखेचा आदेश कशासाठी काढायचा? कार्योत्तर मंजुरीची वाट असताना खोटी तारीख टाकणारा अधिकारी बहुधा काहीतरी वेगळेच झाकत असतो: मंजुरी मिळाली नसती हे, किंवा ज्याला काम दिले तो ठेकेदार त्या दिवशी पात्रच नव्हता हे.

पुढच्या तारखेच्या चेकबद्दलही तेच. चेकवर १५ ऑगस्टची तारीख असते आणि तो हातात १५ जूनला येतो. इथे तारीख सहीची नाही, हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि बँकेला ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली अनिलकुमार साहनी खटल्यात सांगितले की असा चेक त्याच्यावरची तारीख येईपर्यंत हुंडीसारखा असतो आणि त्या तारखेला चेक बनतो. म्हणून चेक वटवण्याची मुदतही त्या तारखेपासून मोजतात. ती मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांची आहे, आधी सहा महिन्यांची होती. बिघडते ते कोऱ्या तारखेच्या चेकने. उधारीच्या बदल्यात सही करून तारीख मोकळी ठेवली, की ती भरण्याची सत्ता समोरच्याच्या हातात जाते. तारीख पडली की चेक त्याच दिवशी काढला असे न्यायालय गृहीत धरून चालते. ते चूक असल्याचे तुम्हाला सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या बीरसिंग निकालानंतर ‘मी कोरा चेक दिला होता’ एवढे सांगून सुटका होत नाही. चेक परत आल्यावर ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिन्यात तक्रार, ही सगळी साखळी एका तारखेला टांगलेली असते. ती तारीख कोरी सोडू नये.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. ते म्हणतात, व्यवहार खरा आहे, दोन्ही पक्षांना मान्य आहे, फक्त कागद करायला उशीर झाला. भाडेकरू १ जूनला राहायला आला, करार १८ तारखेला झाला, त्यावर १ जून लिहिले तर कोणाचे काय गेले? हा युक्तिवाद हलका नाही. फौजदारी कायदाही इथे त्यांच्या बाजूने थोडा झुकतो, कारण खोटा दस्त ठरायला अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो. नुसती चुकीची तारीख म्हणजे बनावट दस्त, असे कायदा म्हणत नाही. पहिली बाजू हे मान्य करत नाही, आणि तिथे तिचे चुकते.

पण हेतू कागदावर उमटत नाही. तारीख उमटते आणि टिकते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बनावट दस्ताच्या व्याख्येखाली दिलेली उदाहरणे आजही वाचण्यासारखी आहेत, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३५ मध्येही ती आहेत. एकात, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत मालमत्तेवर जप्ती आल्यानंतर मूळ मालक साथीदाराला नाममात्र भाड्याने दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करून देतो आणि त्यावर जप्तीच्या सहा महिने आधीची तारीख टाकतो. सही त्याची स्वतःची, नाव त्याचे स्वतःचे, तरीही मागची तारीख टाकल्यामुळे तो बनावट दस्ताचा गुन्हा करतो, असे कायदा म्हणतो. दुसऱ्यात, दिवाळे निघणार हे दिसताच एक व्यापारी माल मित्राकडे ठेवतो आणि त्याला जुन्या तारखेची वचनचिठ्ठी लिहून देतो. दोन्ही उदाहरणांत कागदावर सही करणारे आपसात राजी आहेत. फसतो तो कागदाबाहेरचा माणूस: जप्तीतली मालमत्ता घेणारा, इतर घेणेकरी. ‘आम्हा दोघांना मान्य आहे’ हे उत्तर म्हणूनच पुरत नाही. मागच्या तारखेचा बळी सहसा सही करणाऱ्यांत नसतोच.

भाड्याच्या करारात तिसरा कोण? प्राप्तिकर खाते, सोसायटी, घरावर कर्ज देणारी बँक, आणि उद्या भांडण झाले तर न्यायाधीश. आणि गरजच काय? ‘हा करार दि. १८ जून रोजी केला असून वापराचा कालावधी १ जूनपासून धरण्यात आला आहे’ एवढे एक वाक्य लिहिले की काम होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदवलेला हवा. तसा नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. मालकाला संरक्षण नोंदणीने मिळते. मागच्या तारखेने काही मिळत नाही. उलट मुद्रांक १२ जूनला घेतलेला आणि करार १ जूनचा, अशी विसंगती विरुद्ध पक्षाच्या वकिलाच्या हाती पडते.

मागची तारीख उघडी पडते ती बहुधा अशाच किरकोळ ठिकाणी. मुद्रांकामागे विक्रेत्याने घातलेला अनुक्रमांक आणि दिनांक. नोटरीच्या नोंदवहीतला क्रमांक, ज्याच्या मागचे-पुढचे क्रमांक दुसऱ्याच महिन्यातले निघतात. जावक बारनिशीत, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या नोंदवहीत, ४१२ आणि ४१३ यांच्यामध्ये दाबून लिहिलेला ‘४१२/अ’. २०११ च्या म्हणून दाखवलेल्या दस्तात ‘जिल्हा पालघर’ आले, तर कागद १ ऑगस्ट २०१४ नंतरचा आहे, कारण त्याआधी तो जिल्हाच नव्हता. १९६८ च्या पत्रात सहा आकडी पिनकोड असेल, तर पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला हे आठवावे. रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह जुलै २०१० च्या आधीच्या छापील पावतीवर दिसले, तर आणखी काही तपासायची गरज उरत नाही. पाकिस्तानात पनामा प्रकरणाच्या चौकशीत २००६ चा म्हणून दिलेला दस्त कॅलिब्री टंकात (फॉन्टमध्ये) छापलेला निघाला, आणि तो टंक सर्वसामान्यांच्या हाती २००७ मध्ये आला होता. त्या खटल्यातली मरियम नवाझ यांची शिक्षा पुढे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली, पण कागदाच्या तारखेवर एकदा बसलेला संशय वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. इटलीत लोरेन्झो व्हाल्लाने १४४० मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला सत्ता दिल्याचे दानपत्र खोटे ठरवले, तेही याच मार्गाने: त्या काळात नसलेले शब्द त्या कागदात होते.

शाईवरून वय काढता येईल, अशी एक समजूत आहे. तिच्यावर विसंबू नये. शाईचे नेमके वय खात्रीने सांगणे फार अवघड आहे, आणि आपली न्यायालये त्यावर एकट्याने भिस्त ठेवत नाहीत. आपले जुने कारकून वेगळ्या बंदोबस्तावर भर देत. शिवकालीन पत्रांत मजकूर संपला की ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब उठे, म्हणजे त्याखाली कोणी काही जोडू नये. नोंद झाल्याचा ‘बार’ हा शेरा वेगळा. कागद आणि त्याची नोंद दोन जागी, दोन हातांनी केलेली असे. एकट्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तसा तो ठेवण्यासारखा नसतोच.

महाराष्ट्रातला सर्वांत बोलका दाखला कमाल जमीन धारणेचा, म्हणजे जास्तीत जास्त किती शेतजमीन ठेवता येईल या मर्यादेचा आहे. मर्यादा खाली येणार हे दिसताच वाटण्या आणि हस्तांतरणे होणार, आणि जी झाली नाहीत ती जुन्या मुद्रांकावर ‘झाली’ असे दाखवले जाणार, हे विधिमंडळाला कळत होते. म्हणून सुधारित कायदा २ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाला, तरी रेषा २६ सप्टेंबर १९७० वर आखली गेली. त्या तारखेनंतरचे हस्तांतरण कायदा चुकवण्यासाठीच केले असे धरायचे, उलट सिद्ध करणे मालकाकडे. आणि दस्तावर तारीख कोणतीही असो, तो २६ सप्टेंबर १९७० पर्यंत नोंदणीसाठी सादर झालेला नसेल, तर त्या दिवसाआधीचा धरायचा नाही. इथे शासन स्वतः पाच वर्षे मागे गेले, पण मागे गेल्याचे कायद्यात लिहिले. खासगी कागदावरची तारीख त्याने मानली नाही, दुसऱ्याच्या वहीतली तारीख मानली. मी ज्या नियमाची बाजू मांडतो आहे, तो याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

कोणी म्हणेल, म्हणजे उघड लिहिले की सगळे माफ? नाही. तारीख खरी आहे का आणि मागचा अंमल न्याय्य आहे का, हे दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. व्होडाफोनने जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्राप्तिकराचा खटला जिंकला आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याचा अर्थ थेट १९६२ पासून बदलला. त्यात लपवाछपवी काही नव्हती, तरी तो अन्याय होता, आणि २०२१ मध्ये संसदेनेच ती मागच्या काळाची करमागणी मागे घेतली. संविधानाच्या अनुच्छेद २० ने गुन्ह्याच्या बाबतीत असे मागे जाणे मुळातच बंद केले आहे. पूर्वलक्षी निर्णयावर टीका करायची तर ती न्यायाच्या पातळीवर करावी. त्याला ‘बनावट’ म्हणणे चूक आहे, आणि बनावट तारखेला ‘पूर्वलक्षी’ म्हणून सोडून देणेही तितकेच चूक आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: नियमच असे आहेत की माणसाला मागची तारीख टाकायला भाग पडते. दस्त सहीनंतर चार महिन्यांत नोंदणीला न्यावा लागतो. त्यापुढे आणखी चार महिने नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून, आणि मग दार बंद. हातउसन्या पैशांच्या वसुलीचा दावा करण्याची मुदत तीन वर्षांत संपते आणि कर्ज मान्य असल्याचे पत्र मुदतीच्या आत सही झालेले असावे लागते. चौथ्या वर्षी जागा झालेला सावकार, पतसंस्था किंवा भाऊ ‘मागच्या वर्षीची तारीख टाकून दे’ म्हणतो. यात लबाडीपेक्षा हतबलता जास्त असते, हे मान्य. पण कायद्याने सरळ वाट ठेवलेली आहे. करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५(३) नुसार मुदत टळलेले कर्ज फेडण्याचे वचन कर्जदाराने आज, आजच्या तारखेने, लेखी सहीनिशी दिले तर ते बंधनकारक आहे. नोंदणीची मुदत हुकलेल्या जुन्या दस्तासाठी आजच्या तारखेचे पुष्टीपत्र करून मूळ दस्त त्याला जोडण्याची पद्धत सर्रास वापरात आहे. कंपनीत अधिकार नसताना केलेला करार नंतर मान्य करता येतो आणि ती मान्यता मूळ दिवसापर्यंत मागे पोहोचते. या वाटा खर्चिक असतात, कधी दंड पडतो, कर्जदार नव्याने सही करायला नकार देतो. त्याने नकार दिला, तर मागच्या तारखेची सही तरी तो का देईल? आणि त्याच्याकडून ती कोऱ्या कागदावर आधीच घेऊन ठेवली असेल, तर त्याला हतबलता म्हणता येत नाही.

जुन्या मुद्रांकाबद्दलचा गैरसमजही इथेच दूर करावा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या तिरुवेंगडम पिल्लै खटल्यात म्हटले की जुना मुद्रांक वापरला एवढ्यावरून दस्त रद्द होत नाही. कायद्यातली सहा महिन्यांची मुदत न वापरलेल्या मुद्रांकाचे पैसे परत मागण्यासाठी आहे. पण त्याच निकालात असेही आहे की वेगवेगळ्या तारखांचे फार जुने मुद्रांक हे संशयाचे कारण ठरू शकते. शिवाय तो खटला तमिळनाडूतला. महाराष्ट्राच्या मुद्रांक अधिनियमात कलम ५२-ब आहे, त्यानुसार सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक बाद होतो. अर्धाच निकाल सांगून जुना स्टँप विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

राहिला तंत्रज्ञानाचा मुद्दा. आता सगळे ऑनलाइन आहे, संगणक खोटी तारीख घेणारच नाही, असे म्हटले जाते. यात बरेच तथ्य आहे. ३१ मार्चचा आदेश एप्रिलमध्ये टपालात पडतो, ही करदात्यांची जुनी तक्रार होती. १ ऑक्टोबर २०१९ पासून प्राप्तिकर खात्याच्या पत्राला संगणकाने दिलेला दस्त क्रमांक लागतो. अपवादाने हाताने पत्र काढले तर तसे त्या पत्रातच लिहायचे आणि १५ कामकाजी दिवसांत क्रमांक घेऊन ते नियमित करायचे. सनदी लेखापालांच्या सहीला यूडीआयएन, म्हणजे त्या दस्ताचा ऑनलाइन घेतलेला स्वतंत्र क्रमांक लागतो. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, ती बंद करता येता कामा नये. अमेरिकेत कंपन्या वरिष्ठांना द्यायच्या शेअर-पर्यायांवर (ठरलेल्या दिवसाच्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या हक्कांवर), शेअरचा भाव सर्वांत कमी होता त्या दिवसाची तारीख मागाहून टाकत. २००२ मध्ये दोन कामकाजी दिवसांत माहिती देण्याचा नियम आला आणि वेळेवर कळवलेल्या प्रकरणांत तो प्रकार झपाट्याने घटला. कमी भावाने पर्याय देणे तिथे बेकायदा नव्हते. तसे दिले हे भागधारकांपासून लपवणे बेकायदा होते.

मात्र संगणक फक्त कागद त्याच्यापर्यंत केव्हा पोहोचला ते सांगतो. सही केव्हा झाली ते त्याला कळत नाही. स्कॅन करून चढवलेल्या पानावर आत कोणतीही तारीख असू शकते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या तारखेचे व्हाउचर आजही टाकता येते, आणि टाकता आलेच पाहिजे, कारण २८ मार्चचे बिल ५ एप्रिलला हाती येते. व्हाउचरची तारीख आणि नोंद केल्याची तारीख दोन्ही जपल्या, की तिथे प्रश्न उरत नाही.

म्हणून मागणी ‘बॅकडेटिंग बंद करा’ एवढी ढोबळ असून चालणार नाही. ठराव, आदेश, करार, इतिवृत्त यांच्या छापील नमुन्यांत आज ‘दिनांक’ अशी एकच मोकळी जागा असते आणि तिथे काय भरायचे हे भरणाऱ्यावर सोडलेले असते. तिथे ‘स्वाक्षरीचा दिनांक’ आणि ‘अंमलाचा दिनांक’ अशा दोन जागा हव्यात. इतिवृत्तात बैठकीची तारीख आणि लिहून सही केल्याची तारीख वेगळी हवी. बारनिशीत ‘अ’ क्रमांक द्यावा लागला तर शेजारी कारण आणि नोंद करणाऱ्याची त्या दिवशीची सही हवी. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी सही केली असेल, तर प्रत्येकाने आपापल्या सहीखाली आपली तारीख स्वतःच्या हाताने लिहावी, आणि करार शेवटच्या सहीच्या दिवशी झाला असे धरावे. हे करायला नवा कायदा लागत नाही. शासनाच्या बाबतीत एक परिपत्रक पुरेल, सोसायटीच्या बाबतीत पुढच्या सभेतला एक ठराव.